खणाखणानं वाढणारं शेतघर: आराखडा कसा करावा

देशावरच्या जुन्या शेतकरी घरांत खोल्या मोजत नसत, खण मोजत. दोन खांबांमधलं, म्हणजेच दोन तुळयांमधलं अंतर हा एक खण. तीन खणांचं घर, पाच खणांचा सोपा (पुढची बैठकीची जागा), दोन खणांचा गोठा असा सगळा हिशेब त्या एकाच मापात चाले. माणसांच्या घराचा आणि गोठ्याचा सांगाडाही सारखाच असे: तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, उभा खांब, त्यावर तुळई, वर वासे आणि कौलं, नाहीतर माळवदाची, म्हणजे सपाट छपराची, माती. म्हणून गोठ्याचा सोपा होऊ शके आणि सोप्याची खोली. भाऊ वेगळे झाले की मधल्या खणात भिंत उभी राही, बैलं गेली की दावणीच्या जागी पोती येत. हे सगळं छपराला हात न लावता होई.

आज शेतावर घर बांधताना बहुतेक जण शहरातल्या फ्लॅटचा नकाशा घेऊन येतात. हॉल, किचन, दोन बेडरूम, वर स्लॅब आणि पुढच्या मजल्यासाठी वर सोडलेल्या कॉलमच्या सळ्या. त्या सळ्या वर्षानुवर्षं पावसात गंजतात. खाली कडबा कोरडा राहील, सोयाबीनची पोती बसतील, ट्रॅक्टर उभा राहील अशी जागाच नसते. मग शेजारी पत्र्याची शेड येते, तिच्या शेजारी दुसरी, आणि घराचं वारं-उजेड दोन्ही अडतं. शेतघराला वाढ लागणारच असते, पण ती आडवी लागते आणि तिचा उपयोग दर काही वर्षांनी बदलतो. जुन्या बांधणीत त्याची सोय होती. ती आजच्या साहित्यात कशी करायची, ते इथे टप्प्याटप्प्यानं मांडतो.

उदाहरण म्हणून पुणे-सातारा-अहिल्यानगर-सोलापूर या मध्यम ते कमी पावसाच्या पट्ट्यातलं सात खणांचं घर घेतलं आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर काय बदलेल ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी वर्षाचा तक्ता, मग नकाशा

कागदावर खोल्या काढू नका. बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यात छपराखाली काय काय येतं ते मांडा. आश्विनात सोयाबीन किंवा बाजरी, माघ-फाल्गुनात ज्वारी आणि कडबा, उन्हाळ्यात लग्नाची माणसं, आषाढात अंगणात न वाळणारे कपडे आणि ओली जनावरं. त्याच्या खाली दुसरा तक्ता पुढच्या वीस वर्षांचा: आई-वडिलांना जिने आणि उंबरे झेपेनासे होतील, मुलगा परत येईल किंवा येणार नाही, जनावरं तीनची सहा होतील किंवा एकही राहणार नाही.

या दोन तक्त्यांतून घराचे तीन भाग आपोआप वेगळे होतात. पाणी आणि विस्तव लागणारी कामं, म्हणजे स्वयंपाक, न्हाणी, संडास, जागा बदलत नाहीत, कारण पाइप आणि धूर हलवणं महाग असतं. कोरडी, बंद जागा लागणारी कामं, म्हणजे झोप, देवघर, धान्य, एकमेकांच्या जागी सहज जातात. आणि उघडी पण छपराखालची कामं, म्हणजे जनावरं, अवजारं, निवडणं-टिपणं, माणसांची ऊठबस, ही सगळ्यांत जास्त बदलतात. पहिला भाग एका जागी घट्ट बसवला की बाकीचे दोन मोकळे राहतात. पुढच्या सगळ्या आराखड्याचा पाया हाच आहे.

जागा

एका मोठ्या पावसानंतर शेतात जाऊन पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते बघा. घर उताराच्या वरच्या अंगाला, पण अगदी माथ्यावर नको. संडासाचे शोषखड्डे विहिरीपासून आणि बोअरपासून किमान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवेत, त्यामुळे विहीर कुठे आहे यावरच घराची मागची बाजू बऱ्याचदा ठरते.

घराच्या चार कोपऱ्यांजवळ मुरूम लागेपर्यंत खड्डे घेऊन बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी वरखाली होतो आणि भिंतींना तिरप्या चिरा जातात. मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर सगळा पाया तिथपर्यंत न्यावा. काळी माती त्याहून खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून अंडर-रीम्ड पाइल घ्यावेत. खाली कंद असलेले हे खांब अशाच फुगणाऱ्या मातीसाठी वापरले जातात. जोत्यात भर घालताना उकरलेली काळी माती परत आत ढकलण्याचा मोह सगळ्यांना होतो. तिथे मुरूमच हवा.

परवानगीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतातल्या इमारतीची जी व्याख्या आहे तिच्यात अवजारं, खत, वैरण आणि पीक ठेवणं, जनावरं बांधणं आणि शेतकऱ्याच्या कुटुंबानं राहणं हे सगळं एकत्र धरलं आहे. या घरामागचा विचारही तोच आहे. मात्र क्षेत्र, जोत्याचं आकारमान आणि नियोजन क्षेत्राच्या अटी जागेनुसार बदलतात. चुन्याची फक्की टाकण्याआधी तलाठी कार्यालय आणि ग्रामपंचायत, दोन्हीकडून लेखी खुलासा घ्या.

खणाचं माप ठरवणं

जुना खण साधारण पाच-सहा फुटांचा असे, कारण हाती मिळणारं लाकूड तेवढं अंतर वाकल्याशिवाय पेलत असे. आज लाकडाचं बंधन नाही, तरी मी सहा फुटांचाच खण सुचवतो. सहा फुटांत खाट बसते. दोन खण म्हणजे बारा फूट: एक चांगली खोली, किंवा शेजारी शेजारी बांधलेली तीन जनावरं, किंवा बंद दारामागे एक ट्रॅक्टर. लोखंडी पाइप सहा मीटरचा, म्हणजे पावणेवीस फुटांचा येतो. त्यात तीन खण आणि कडेची दीड फुटाची झुकती जवळजवळ न कापता बसते.

आता घर मांडू. लांबी सात खण, म्हणजे ४२ फूट. मधला गाभा १२ फूट खोल, पुढे एक खणाची पडवी आणि मागे एक खणाची पडवी, म्हणून एकूण खोली २४ फूट. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवायची. म्हणजे दुपारनंतरच्या उन्हाला फक्त आखूड पश्चिम भिंत सापडते आणि पुढची पडवी दक्षिणेला येते.

पश्चिमेकडून पहिले दोन खण खोली. तिसरा-चौथा खण माजघर आणि स्वयंपाक. पाचवा एकटा खण पाण्याचा. सहावा-सातवा खण आज गोठा, उद्या काहीही.

पाण्याचा खण मध्ये घालण्यावर मी अडून बसतो, कारण सगळी लवचीकता त्याच्यावर आहे. त्याच्या एका भिंतीला स्वयंपाकघराची मोरी लागते, दुसरीला गोठा धुण्याचा नळ. संडास-न्हाणीचं पाणी त्याच खणातून मागच्या पडवीखालून थेट उत्तरेला एका चेंबरमध्ये जातं, दुसऱ्या कुठल्याही खणाच्या जमिनीखालून एकही पाइप जात नाही. गोठा आणि घर यांच्यामध्ये दोन भिंतींचा आडोसा पडतो, त्यामुळे वास आणि गोमाश्या घरात कमी येतात. पावसाळी वारं पश्चिम-नैऋत्येकडून येतं, म्हणून गोठा पूर्वेच्या टोकाला. आणि पुढे कधी गोठ्याच्या जागी खोल्या झाल्या तर त्यांना न्हाणी आधीच शेजारी मिळते.

पाण्याचा खण ६ बाय १२ फुटांचा आहे. मध्ये आडवी भिंत घातली की ६ बाय ६ चे दोन चौक होतात, एक न्हाणी आणि एक संडास. ६ फुटांच्या चौकात चाकाची खुर्ची वळते. दारं तीन फुटांची ठेवा, आज गरज नसली तरी.

काही घरांत दार पूर्वेलाच हवं असतं. पडवीची मुख्य पायरी पूर्वेच्या टोकाला घ्या, म्हणजे माणूस पूर्वेकडून चढेल आणि पडवीतून चालत माजघराच्या दाराशी येईल. जाता-येता जनावरांवर नजर राहते हा वेगळा फायदा.

जमिनीवर फक्की टाकून बघा

सुतळी, ओळंबा आणि चुन्याची फक्की घेऊन हा नकाशा शेतातच खऱ्या मापाचा आखा. काटकोन साधायला ६-८-१० फुटांचा त्रिकोण पुरतो. ४२ बाय २४ च्या चौकटीचे दोन्ही कर्ण ४८ फूट साडेचार इंच आले की आखणी बरोबर.

मग त्या रेषांमध्ये खाट टाका, घरातल्या बायकांना स्वयंपाकघराच्या जागी उभं करून पाणी कुठून आणायचं आणि खरकटं कुठे न्यायचं ते विचारा, ट्रॅक्टर ट्रॉलीसकट अंगणात वळवून बघा. नकाशा बदलायचा तर तो इथे. स्वयंपाकघराचा निर्णय जिथे रोज वावरणाऱ्या बाईला न विचारता झाला, ते घर पहिल्या वर्षातच खटकायला लागतं.

आखणीच्या वेळीच दोन्ही टोकांना पुढच्या वाढीसाठी किमान चार-चार खण, म्हणजे २४-२४ फूट जागा राखून ठेवा. तिथे बोअर नको, पाण्याची टाकी नको, शोषखड्डा नको, आंब्याचं झाडही नको. हे सगळं घराच्या उत्तरेला किंवा अंगणापलीकडे जाऊ द्या. मोकळी दिसते म्हणून लोक नेमक्या याच जागेत टाकी बांधतात आणि घराची वाढ कायमची बंद होते.

जोतं

राहत्या भागाचं जोतं जमिनीपासून दोन फूट. गोठ्याची जमीन त्याहून नऊ इंच खाली. पण जोत्याची भिंत आणि तिच्यावरचा काँक्रीटचा पट्टा सातही खणांत एकाच पातळीत न्यायचा. गोठ्यात फक्त भराव कमी घालायचा. नंतर खोली करताना मुरूम भरून जमीन वर आणता येते, पट्ट्याला हात लावावा लागत नाही. याच कारणानं गोठ्याच्या चौकटींची उंची घराच्या जमिनीपासून सात फूट मोजा, गोठ्याच्या जमिनीपासून मोजली तर भराव घातल्यावर दार बुटकं होईल.

दोन फुटांच्या जोत्याला चढायचा उतार हवा असेल तर १ ला १२ या प्रमाणात २४ फूट लांबी लागते. ४२ फुटांच्या पडवीच्या कडेनं तो सहज बसतो. आज त्याच्यावरून पोत्यांची हातगाडी चढेल.

सांगाडा

दोन खणांच्या जागेत मधे खांब नको, म्हणून खांबांच्या रेषा पश्चिमेकडून ०, १२, २४, ३० आणि ४२ फुटांवर येतात. प्रत्येक रेषेवर चार खांब: पुढच्या पडवीचा, पुढच्या भिंतीचा, मागच्या भिंतीचा, मागच्या पडवीचा. एकूण वीस. छपराचा सगळा भार या खांबांनी आणि त्यांना बांधणाऱ्या तुळयांनी घ्यायचा, भिंतींनी नाही. भिंत ही फक्त आडोसा झाली की ती पाडता, सरकवता, उघडता येते.

खांब लाकडाचे, लोखंडी पाइपचे की आरसीसीचे, हा खिशाचा आणि परिसराचा प्रश्न आहे. मोडलेल्या वाड्यांचं सागवान चांगलं मिळालं तर पडवीला त्याच्यासारखं काही नाही. गाभ्याला मी आरसीसी घेईन. गोठ्यात लोखंडी खांब थेट जमिनीत रोवू नका, गोमूत्रानं तो तळाशी खाल्ला जातो. दीड फुटाचा काँक्रीटचा किंवा घडीव दगडाचा तळखडा करून त्यावर खांब बसवा. जुने सुतार लाकडासाठी हेच करत. खांबांची आणि कैच्यांची, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांची, जाडी इंजिनिअरकडून काढून घ्या, त्यात अंदाज चालत नाही.

इथे किल्लारीची आठवण ठेवलीच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवमधली हजारो माणसं गेली, ती बहुतांशी जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. त्या भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, मधे नुसता चुरा आणि माती होती. हादऱ्यात दोन्ही थर सुटे होऊन फुगले आणि पडले. दर पावसाळ्याआधी गळती बंद करायला वर माती टाकत गेल्यामुळे छपरंही फार जड झाली होती. जुन्या घराकडून शिकताना हेही शिकायला हवं. दगडाची भिंत बांधणार असाल तर दर दोन फूट उंचीला आणि आडवं दर चार फुटांवर भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड घाला, आणि जोतं, चौकटींचा माथा आणि छपराची पातळी अशा तीन ठिकाणी सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. भराव भिंती विटेच्या असल्या तरी खांबांना सळईनं बांधलेल्या हव्यात.

छप्पर दुपाखीच ठेवा

चौपाखी छप्पर दिसायला सुंदर असतं आणि कोकणातल्या झोडपणाऱ्या पावसात त्याचा उपयोगही आहे. पण ते चारही बाजूंनी बंद असतं, टोकाला खण जोडायचा तर एक पाख मोडावी लागते. दुपाखी, म्हणजे दोन उतारांच्या, छपराचं आढं आणि वासे मात्र जेवढे हवे तेवढे पुढे नेता येतात. म्हणून वाढणाऱ्या घराला दुपाखीच हवं. टोकाची त्रिकोणी भिंत हलकी ठेवा, विटेऐवजी फळ्या किंवा बांबूचा कूड चालेल. खण वाढवताना ती उतरवून पुढच्या टोकाला लावता येते.

दोन छपरं एकमेकांना काटकोनात जोडून मधे पन्हळ करणं शक्यतो टाळा. तिथे पानं साचतात आणि गळती तिथूनच सुरू होते. वाडाच हवा असेल तर दोन सरळ इमारती अंगणाच्या दोन बाजूंना बांधा आणि मधला रस्ता वेगळ्या, खालच्या छपरानं झाका.

उतार ३० अंश. पडवीच्या खांबावरची तुळई आठ फुटांवर घेतली तर गाभ्याच्या भिंतीपाशी छप्पर साडेअकरा फुटांवर आणि आढं पंधरा फुटांवर येतं. आठ फुटांवर फळ्यांचा पोटमाळा घातला की आढ्याखाली माणूस ताठ उभा राहतो आणि घराला एक अख्खा कोरडा मजला मिळतो. बियाणं, कणगी, पाहुण्यांची अंथरुणं, सगळं तिथे जातं. कोकणात उतार आणखी वाढवा.

पागोळ्यांची कड खांबाच्या बाहेर दीड फूट काढली की ती पडवीच्या जमिनीपासून सात फुटांवर येते. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारचं ऊन साधारण ४८ अंशांवर असतं. ते पागोळ्यांच्या रेषेपासून सव्वासहा फूट आत येतं, म्हणजे भिंतीच्या फूटभर अलीकडेपर्यंत सगळी दक्षिण पडवी थंडीत उन्हात असते. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दुपारी तीच पडवी पूर्ण सावलीत जाते. पडवीची खोली आणि कडेची उंची ठरवताना जुन्या सुतारांच्या हाताला जे कळत होतं ते हे.

कौलं मंगलोरी घ्या. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला यांचा कारखाना काढला आणि पुढे ती कोकण-देशावर सगळीकडे पोचली. आजही गावोगावी जुनी निघालेली चांगली कौलं मिळतात. या घराच्या दोन्ही पाखांचं क्षेत्र सुमारे १,४०० चौरस फूट भरतं. शंभर चौरस फुटांना दीडशे या हिशेबानं २,१०० कौलं लागतील, फुटतूट धरून २,३०० आणा. आढ्याजवळ दर दोन खणांना एक काचेचं कौल बसवा, माळवदातलं साणं, म्हणजे उजेडाचं भोक, जो उजेड देई तोच उजेड मिळतो. नुसता पत्रा मी राहत्या खणांवर घालणार नाही. उन्हाळ्यात आत बसवत नाही, पावसात बोलणं ऐकू येत नाही. पैशाची ओढ असेल तर गोठ्याच्या दोन खणांवर आज पत्रा चालेल, पण कैच्या कौलांचं वजन धरूनच करा.

छपराखालची जागा सुमारे ११३ चौरस मीटर आहे. १०० मिलिमीटर पाऊस पडला की गळती-उडती सोडून ९,००० लिटर पाणी हाती येतं. पन्हळ लावा आणि टाकी उत्तरेला ठेवा.

भिंती: काही कायमच्या, काही उघडणाऱ्या

कायमच्या भिंती मोजक्याच: पाण्याच्या खणाच्या दोन्ही बाजू, गाभ्याची उत्तर भिंत आणि पश्चिमेचं टोक, तेही फक्त सात फुटांपर्यंत. वर हलका कूड. बाकी सगळ्या भिंती कधीतरी उघडतील असं धरून बांधा.

त्यासाठी एक युक्ती. जिथे पुढे दार लागू शकतं तिथे आजच तीन फूट रुंद, सात फूट उंच चौकट आणि वरचा लिंटेल, म्हणजे चौकटीवरची आडवी तुळई, घालून ठेवा. आतला भाग पातळ, चार इंची भिंतीनं मागच्या बाजूनं बंद करा, सिमेंट न वापरता मातीत किंवा चुन्यात. पुढच्या बाजूला जो खोलगट भाग उरतो त्याला फळ्या मारल्या की फडताळ झालं. दहा वर्षांनी फळ्या काढायच्या, मागच्या विटा सोडवायच्या, दार उघडलं. लिंटेल आधीच असल्यानं ठोकाठोकीत भिंतीला चीर जात नाही. अशी फडताळं पश्चिमेच्या टोकाला एक आणि पाण्याच्या खणाच्या पूर्व भिंतीत एक, अशी दोन तरी हवीत. त्याच पूर्व भिंतीत पाण्याची एक बंद तोटी आणि सांडपाण्याच्या पाइपचं झाकलेलं तोंडही काढून ठेवा. भाऊ वेगळे राहू लागले तर दुसरी चूल सहाव्या खणामागच्या पडवीत एका आठवड्यात उभी राहते.

खोली आणि माजघर यांच्यामधे फळ्यांची, घडीची भिंत करा. लग्नकार्याला ती उघडली की चार खणांची, २४ फुटांची एक सलग जागा मिळते. कोकणात पावसाळ्याआधी पडवीच्या उघड्या बाजूंना झापांचे आडोसे बांधतात आणि नंतर सोडतात. तीच कल्पना देशावर बांबूच्या ताट्यांनी पडवीच्या पश्चिम टोकाला करता येते.

भिंतीचं साहित्य जवळचं घ्या. मुरमाड लाल माती असेल तर पाच ते आठ टक्के सिमेंट घालून दाबलेले मातीचे ठोकळे उत्तम होतात. काळ्या मातीचे करू नका, ते भेगाळतात. विटाच असतील तर रॅट-ट्रॅप बाँडमध्ये, म्हणजे विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडून बांधल्यास पाव हिश्शाच्या आसपास विटा वाचतात आणि भिंत कमी तापते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. आतली ओल बाहेर पडत नाही आणि काही पावसाळ्यांनी गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. माती-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावा द्या.

विजेच्या तारा भिंतीत गाडू नका, बाहेरून पट्टीत घ्या. गोठ्याची आणि कडबा कुट्टीची लाइन वेगळी ठेवा आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवा. ओल्या जमिनीवर उभ्या जनावराला थोडा झटकाही जिवावर बेततो.

गोठा, आणि गोठ्याची खोली

दोन खणांत तीन गाई आरामात राहतात. गाईला ३.५ आणि म्हशीला ४ चौरस मीटर छपराखालची जागा लागते. उभं राहायची जागा पाच-साडेपाच फूट, तिला चाळीसास एक उतार, म्हणजे पाच फुटांत दीड इंच, आणि शेवटी उथळ नाली, जी उत्तरेला उकिरड्याकडे किंवा गोबरगॅसकडे जाईल. तीन जनावरांचं शेण एक घनमीटरच्या लहान गोबरगॅसला पुरतं. गव्हाण पक्की बांधू नका, लाकडी किंवा सुटी काँक्रीटची ठेवा. भिंतींना आतून तीन फूट उंचीपर्यंत शहाबादी फरशी उभी लावा.

ही फरशी पुढच्या बदलाचा सगळ्यात मोठा खर्च वाचवते. गोमूत्रातले क्षार वर्षानुवर्षं जमिनीत आणि भिंतीच्या तळात मुरतात. नंतर तिथे खोली केली, वर कोबा घातला, रंग दिला, तरी ते क्षार ओलीबरोबर वर येतात आणि भिंतीला लोणा लागतो. रंग फुगतो, गिलावा झडतो, अंथरुणं दमट राहतात. गोठ्याची खोली केली आणि ती राहण्याजोगी झाली नाही अशी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुधा हेच असतं.

म्हणून बदल असा करा. जनावरं हलवल्यावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला गोठ्याची वरची नऊ इंच जमीन खणून काढा. ती शेतात टाका, तिच्याइतकं चांगलं खत नाही. उभी फरशी काढा, तिच्यामागचा गिलावा भिंतीपर्यंत खरवडा, भिंत साध्या पाण्यानं धुवा आणि वाळू द्या. पांढरे क्षार वर आले की कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करा, परत धुवा, परत वाळू द्या. हे दोन-तीनदा करायचं आणि अख्खा उन्हाळा खण उघडा ठेवायचा. मग खाली खडी, तिच्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, वर मुरूम भरून जमीन घराच्या पातळीला आणा आणि फरशी बसवा. भिंतीला चुन्याचा गिलावा द्या. पहिल्या वर्षी ऑइल पेंट अजिबात नको.

ट्रॅक्टर ठेवायचा असेल तर यातलं बरंच टळतं. जमीन तशीच खाली ठेवून काँक्रीट घाला आणि पूर्वेच्या टोकाला दहा फुटी दार करा. टोकाला खांब आणि तुळई आधीच आहेत, म्हणून तिथे मोठं दार काढायला अडचण नाही.

पैसा कोणत्या क्रमानं घालायचा

हात आखडता असेल तेव्हा लोक दोन खोल्या पूर्ण करतात, रंगासकट, आणि बाकीचं नंतर बघू म्हणतात. माझा सल्ला वेगळा आहे. पहिल्या वर्षी सातही खणांचं जोतं, सांगाडा आणि छप्पर उभं करा, पाण्याचा खण पुरा करा, आणि भिंती फक्त माजघराच्या दोन खणांना घाला. मजूर लावणं, परांच्या बांधणं, कैच्या चढवणं हे सगळं एकदाच होतं. उरलेले चार खण उघडे राहिले तरी वाया जात नाहीत. पहिल्याच सुगीत त्यांच्याखाली मळणीचं धान्य पडेल. पुढे जसा पैसा येईल तशा भिंती, पोटमाळा, फरशी.

अशा वाढीचं एक प्रसिद्ध घर महाराष्ट्रातच आहे. सेवाग्रामची बापू कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली लहान कुटी होती. गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा तिच्यातच भर घालून ती मोठी केली. माती, बांबू, कौलं आणि भोवती पडवी एवढ्यावर ते घर उभं आहे. वर्धेला जाणं झालं तर पडवीतून आतल्या खोल्यांत जाताना उंची आणि उजेड कसा बदलतो ते मापपट्टी घेऊन बघा.

शेवटचं काम घर पूर्ण झाल्यावरचं. बंद केलेल्या चौकटी, झाकलेली पाइपची तोंडं, पट्ट्याची पातळी आणि जमिनीखालच्या पाइपची दिशा दाखवणारा नकाशा काढा आणि त्याची एक प्रत पोटमाळ्याच्या फळीवर तेलरंगानं मापांसकट रंगवून ठेवा. भिंती उघडायची वेळ येईल तेव्हा बांधणारा गवंडी गावात असेलच असं नाही.